वेलांटी

एकतीस वर्षं प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई फुटली, आकडा सरकला,
की कागद बाजूला.
चुकलेल्या नोटेला बाहेरचं जग नाही,
ती आतच भुगा होऊन संपते.
मी निवृत्त झालो, डोळा होईना.

मग एका बुधवारी, गंगेकाठच्या बाजारात,
हुसेन कोकणींच्या गोणपाटावर,
बिजागऱ्या, अडकित्ते, स्टोव्हच्या पिना यांच्यात
हाताला लागलं एक पोस्टकार्ड.
छापील नव्हे. छापील चित्राला भिंग लावा,
ठिपके दिसतात.
इथे ठिपका नाही.
पायरी ती पायरीच,
आणि पायरीवर वाळत घातलेल्या धोतराची
चुणीसुद्धा जागच्या जागी.

दुतोंड्या मारुती छातीपर्यंत पाण्यात.
खाली पांढऱ्या अक्षरांत: गंगेचा पूर, नाशीक.
शी दुसरी.
माझा हात सवयीने
लाल पेन्सिल शोधू लागला.

पाठीवर जांभळा शिक्का:
कृ. रा. तांबट, फोटोग्राफर, तांबट आळी.
पत्ता कोरा, मजकूर कोरा.
"न्या वीस रुपयांना," हुसेनभाई म्हणाले,
"पूर काय, येतच असतो."

त्याला अकरा वर्षं झाली. आज सतरा कार्डं आहेत.
एक सटाण्याच्या रद्दीतून,
एक चांदवडच्या वाण्याच्या वहीत खूण म्हणून घातलेलं,
एकासाठी बायकोशी चार दिवस अबोला
(तो आकडा इथे लिहीत नाही).
मुंबईचे एक गृहस्थ फोन करतात,
सगळी एकगठ्ठा मागतात.
मी म्हणतो, अजून जमवतोय.

सतराही कार्डांवर नाशीक.
शिक्का नसला तरी मी वेलांटीवरून ओळखतो,
जसं चालीवरून माणूस.

बाराव्या कार्डात तो स्वतः आहे.
घाटावर न्हावी, न्हाव्यापुढे मान वाकवलेला मुलगा,
आणि खाली फरसावर एक लांब सावली:
पाच पाय, एक डोकं,
डोक्यावर कापड.
तीन पाय कॅमेऱ्याचे.
याहून जास्त कृ. रा. तांबट
कुठेच सापडले नाहीत.

गेल्या पौषात पत्ता काढत गेलो.
आळीत आता हातोडे कमी,
कुकरच्या रबरी रिंगा जास्त.
नातसून शालनबाई म्हणाल्या,
"काचा ना? पेटीभर होत्या.
सासूबाईंनी सोड्याच्या कढत पाण्यात घासल्या,
देवांच्या तसबिरींना लावल्या.
काच काय स्वस्त होती तेव्हा?"

मी देव्हाऱ्यासमोर उभा राहिलो.
अन्नपूर्णा, खंडोबा, सप्तशृंगी,
सगळे लख्ख.
या काचांवरून किती घाट, किती पूर,
किती दाढ्या धुऊन गेल्या असतील
मोरीतून, पुन्हा गंगेलाच.

फक्त दत्ताच्या तसबिरीत, खालच्या कोपऱ्यात,
जिथे सासूबाईंचा हात पोचला नव्हता,
सुपारीएवढा काळसर डाग.
खिशातलं भिंग काढलं.
डागात काळ्या शाईची तीन अक्षरं,
उलटी, आरशातल्यासारखी.
क उलटा. श उलटा. ना उलटा.
वेलांटी तेवढी श च्या डावीकडे,
शाळेत पंतोजींनी शिकवली तिथेच.
पहिली.

म्हणजे अख्खं गाव उलटं लिहिताना
हा माणूस एवढं एकच
सुलट ठेवून बसला होता.
काचेवर बरोबर होतं सगळं.
चूक कागदावर उतरताना झाली.

"काही खराब आहे का हो काच?"
शालनबाईंनी विचारलं.
एकतीस वर्षांत हा प्रश्न
मला कोणी इतक्या काळजीने विचारला नव्हता.
नाही म्हटलं. पास.

काच मागायची नाही, हे जिन्यातच ठरवलं होतं,
तरी जिभेवर आलंच.
मग हात जोडले.
नेमके कोणाला, ते त्यांनी विचारलं नाही,
चहाचं आधण ठेवलं.